स्टेनॅकच्या ओढ्याकाठची भट्टी

लीच पॉटरीतलं जुनं सूपचं वाडगं हातात घेतलं, तर बुडाजवळ एक छोटा शिक्का दिसतो. एका गोलात एस आणि आय ही दोन अक्षरं, म्हणजे सेंट आइव्हज. ते वाडगं चाकावर कोणी चढवलं, झिलईत कोणी बुडवलं, भट्टीपाशी रात्रभर कोण जागलं, यातलं काहीच त्यावर लिहिलेलं नसतं. बर्नार्ड लीच स्वतः घडवलेल्या भांड्यांवर आपली अक्षरं उमटवत असत. कारखान्याच्या रोजच्या मालावर मात्र फक्त गावाचा शिक्का बसे. संस्था एका माणसाच्या नावाने जगभर ओळखली गेली आणि तिचा बराचसा माल निनावी हातांनी घडवला. या संस्थेच्या शंभर वर्षांची हकिकत सांगताना त्या हातांचा हिशेब आधी मांडायला हवा.

सेंट आइव्हज हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधलं मासेमारीचं गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या कथिलाच्या खाणी थंडावत चालल्या होत्या, मासळीचाही भरवसा उरला नव्हता. समुद्रावरच्या स्वच्छ उजेडामुळे चित्रकार मात्र येऊन राहू लागले होते. गावाबाहेर डोंगरउतारावर स्टेनॅक नावाचा ओढा आहे. या कॉर्निश नावातच कथिल आहे. त्या ओढ्याकाठच्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर १९२० साली ग्रॅनाइटच्या दगडांची एक साधी इमारत उभी राहिली. ती उभारणारे दोघे जण जपानहून आले होते. एक इंग्रज, वय तेहतीस. दुसरा जपानी, वय पंचवीस.

इंग्रज म्हणजे बर्नार्ड लीच. त्यांचा जन्म ५ जानेवारी १८८७ रोजी हाँगकाँगमध्ये झाला. बाळंतपणातच आई गेली आणि तान्ह्या बाळाला आजी-आजोबांनी जपानात नेलं. पहिली काही वर्षं तिथे गेली, मग वसाहतीत न्यायाधीश असलेल्या वडिलांकडे, मग शिक्षणासाठी इंग्लंडला. लंडनच्या स्लेड कलाशाळेत रेखाटन आणि पुढे एचिंग शिकलेला हा तरुण १९०९ साली जपानला परतला तो जपान्यांना एचिंग शिकवण्याच्या इराद्याने. शिकवायला गेलेला माणूस तिथे शिकायला बसला. १९११ साली टोकियोत मित्रांच्या एका मेळाव्यात पाहुण्यांना कच्ची भांडी रंगवायला दिली होती. रंगवलेलं भांडं झिलईत बुडवून समोरच्या छोट्या भट्टीत घातलं आणि तासाभरात ते लालबुंद होऊन बाहेर आलं. ही राकूची पद्धत. ते भांडं निवताना पाहिलं आणि लीच यांचा मार्ग ठरला.

गुरूचा शोध घेत ते आणि त्यांचा मित्र केनकिची तोमिमोतो एका वृद्ध, निर्धन कुंभाराच्या दारी पोहोचले. उरानो शिगेकिची हे त्या कुंभाराचं नाव. ओगाता केन्झान या नामवंत परंपरेतले ते सहावे. आपल्याकडे गायकीचं घराणं असतं आणि गुरू गंडा बांधून विद्या देतो, तशीच काहीशी ही रीत. पुढे त्यांनी या दोघा शिष्यांना परंपरेचे अधिकारपत्र आणि झिलईच्या पाककृतींच्या वह्या सोपवल्या. एका परदेशी माणसाला अशी वारसापत्रं मिळणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

टोकियोतल्या त्या वर्तुळात सोएत्सु यानागी हे विचारवंत होते. अनामिक कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंतलं सौंदर्य त्यांनी पुढे ‘मिंगेई’, म्हणजे लोककला, या शब्दात बांधलं. आबिको इथे त्यांच्याच जागेत लीच यांची भट्टी होती. १९१९ साली तिथली कार्यशाळा आगीत जळाली. त्याच सुमारास शोजी हामादा भेटले. ते टोकियोच्या तांत्रिक शाळेत कुंभारकामाचं शास्त्र शिकले होते, क्योतोच्या संशोधन संस्थेत त्यांनी झिलईचे प्रयोग केले होते. लीच यांच्याकडे चित्रकाराची नजर होती, हामादांकडे मातीचं आणि आगीचं शास्त्र. श्रीनगरचे गुरचरण सिंग हे भारतीय विद्यार्थीही याच काळात टोकियोत शिकायला गेले होते आणि या मंडळींत वावरत होते. त्यांनीच पुढे दिल्लीत ‘दिल्ली ब्लू’ कुंभारशाळा उभारली. भारतातल्या आधुनिक स्टुडिओ पॉटरीची आणि सेंट आइव्हजची मुळं अशी एकाच अंगणात सापडतात.

सेंट आइव्हजला येण्याचं निमित्त फ्रान्सिस हॉर्न या बाईंचं. गावातल्या बेकारांना हस्तकलेचं काम मिळावं म्हणून त्यांनी एक मंडळ स्थापन केलं होतं आणि त्यासाठी त्यांना कुंभार हवा होता. त्यांनी भांडवल दिलं. जागा पाहताना मात्र एक मोठी चूक झाली. कॉर्नवॉलचा तो भाग वाऱ्याने झोडपलेला, झाडांचं तिथे दुर्भिक्ष. आणि यांची भट्टी तर लाकडावर चालणारी! चिनी माती कॉर्नवॉलमध्ये मुबलक होती, जवळच्या सेंट अर्थची तांबूस माती होती, पण सरपण लांबून विकत आणावं लागे. संस्थेच्या पहिल्या दशकातल्या अनेक अडचणींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

लीच आणि हामादा यांनी आल्याआल्या जपानी धर्तीची चढती भट्टी बांधली. पाश्चात्त्य जगातली अशी ही पहिलीच. पण दोघांपैकी कोणीही भट्टी बांधण्यातला जाणकार नव्हता आणि थोड्याच दिवसांत ती ढासळू लागली. मग १९२२ मध्ये जपानहून त्सुरुनोसुके मात्सुबायाशी आले. उजी इथल्या असाही नावाच्या जुन्या कुंभार घराण्यातले ते अभियंता. त्यांनी जुनी भट्टी पाडून तीन दालनांची नवी उभी केली. उतारावर एकामागे एक, पायऱ्यांसारखी वर चढत गेलेली ही दालनं. खालच्या तोंडाशी जाळ घालायचा. पहिलं दालन तापलं की तीच धग दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात जाते. खालच्या दालनांत झिलई चढवलेली स्टोनवेअरची भांडी जवळपास १३०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचायची, आणि सगळ्यात वरच्या दालनात, उरलेल्या उष्णतेवर, कच्ची भांडी पहिल्यांदा भाजून निघायची. धग वाया जाऊ द्यायची नाही हा पूर्वेकडचा हिशेब. ही भट्टी १९७० च्या दशकापर्यंत पेटत राहिली.

मात्सुबायाशी दोनेक वर्षं राहिले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते विद्यार्थ्यांना मातीच्या रसायनशास्त्राचे धडे देत आणि शिकणारे ते उतरवून घेत. त्यांचं नाव संस्थेच्या इतिहासात फार वेळा येत नाही. पण ती भट्टी अर्धशतक टिकली, हे काम एखाद्या संस्थापकाच्या तोडीचं आहे. तसेच जॉर्ज डन. हा गावचाच माणूस. माती आणायची, मळायची, लाकूड फोडायचं ही सगळी कष्टाची कामं त्याने वर्षानुवर्षं केली. त्याच्यानंतर त्याचा मुलगा होरेशिओ त्याच कामावर राहिला.

सुरुवातीला हामादा आणि लीच यांना ध्यास लागला होता तो जुन्या इंग्लिश भांड्यांचा. यंत्रयुगाच्या आधी इंग्लंडमधले खेड्यापाड्यांतले कुंभार तांबूस मातीच्या ताटांवर पांढऱ्या मातीच्या पातळ रबडीने नक्षी ओढत. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या गिरण्यांनी ती कला मारली होती. गंमत म्हणजे या भांड्यांची ओळख त्यांना जपानात, चार्ल्स लोमॅक्स यांच्या १९०९ सालच्या पुस्तकातून झाली होती. रंगांच्या रेघा एकमेकींत इतक्या सफाईने कशा मिसळत असतील, हे मात्र उमगत नव्हतं. एके दिवशी चहाच्या वेळी पावावर पसरलेली कॉर्नवॉलची दाट साय आणि मुरंबा सुरीच्या टोकाने एकमेकांत ओढले गेले आणि कोडं सुटलं. खालचा थर ओला असतानाच वरचा घालायचा, मग दोन्ही एकजीव होतात. इंग्लंडची हरवलेली युक्ती एका जपानी कुंभाराच्या मदतीने इंग्लंडला परत मिळाली, आणि तीही जेवणाच्या टेबलावर.

१ सप्टेंबर १९२३ च्या कान्तो भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं. त्या वर्षाअखेरीस हामादा मायदेशी निघाले. पुढे माशिको या कुंभारांच्या खेड्यात त्यांनी घर केलं, गावचीच माती आणि गावचीच झिलई वापरली, आणि भांड्यांवर आपली खूण उमटवणं थांबवलं. सेंट आइव्हजमध्ये ते शिक्का वापरत. माशिकोत मात्र त्यांना त्याची गरज वाटली नाही. १९५५ साली जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला तेव्हाही हा नेम मोडला नाही.

हामादा जायच्या सुमारास पहिला इंग्रज शिष्य दाखल झाला होता. मायकल कार्ड्यू ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकत होता, सुट्टीत डेव्हनच्या एका गावठी कुंभाराकडे चाक शिकला होता. १९२३ साली तो आला आणि तीन वर्षं राहिला. पाठोपाठ कॅथरिन प्लेडेल-बूव्हेरी आणि नोरा ब्रेडन आल्या. बूव्हेरी बाईंनी पुढे आपल्या घरच्या मळ्यातल्या निरनिराळ्या झाडाझुडपांची राख करून झिलईचे शेकडो प्रयोग केले, तेही मात्सुबायाशींनी आखलेल्या भट्टीत. विद्यार्थी तिघे-चौघेच, पगार बेताचा, भट्टी उघडली की कधी कधी निम्मा माल तडकलेला. उन्हाळ्यात येणाऱ्या पर्यटकांना राकूची कच्ची भांडी रंगवायला देऊन, त्यांच्यासमोर भाजून, चार पैसे मिळवायचे. टोकियोतल्या ज्या खेळाने लीच यांना कुंभार केलं, तोच आता संस्थेची चूल पेटती ठेवत होता.

तरीही पैसा पुरत नव्हता. इथे भारताचा धागा पुन्हा लागतो, जरा आडवळणाने. रवींद्रनाथ ठाकुरांच्या सुरुल इथल्या श्रीनिकेतनची घडी १९२२ पासून बसवणारे लिओनर्ड एल्महर्स्ट मायदेशी परतले. त्यांनी पत्नी डोरोथी यांच्यासह डेव्हनमध्ये डार्टिंग्टन हॉल ही जहागीर घेतली आणि शेती, शिक्षण, हस्तकला असा ग्रामविकासाचा प्रयोग मांडला. श्रीनिकेतनचा ठसा त्या प्रयोगावर स्पष्ट होता. १९३० च्या दशकात एल्महर्स्ट दांपत्याने लीच यांना डार्टिंग्टनला शिकवायला बोलावलं, तिथे कुंभारशाळा काढायला मदत केली आणि १९३४ साली चित्रकार मार्क टोबी यांच्यासोबत जपानला जाण्याचा खर्च उचलला. टोबी बहाई होते. त्यांच्या सहवासात लीचही पुढे त्या पंथाकडे वळले. सगळी मानवजात एक आहे हा विचार त्यांच्या पुढच्या लिखाणात सतत डोकावतो.

वडील जपानात असताना मुलाने घेतलेला एक निर्णय संस्थेच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा ठरला. डेव्हिड लीच, जन्म टोकियोचा, १९११ चा. १९३० पासून तो भट्टीवर काम करत होता आणि दर भट्टीमागे होणारी नासधूस पाहत होता. त्याने स्टोक-ऑन-ट्रेंटच्या तांत्रिक महाविद्यालयात नाव घातलं. ज्या गिरण्यांविरुद्ध वडिलांनी आयुष्यभर लिहिलं-बोललं, त्या गिरण्यांचे व्यवस्थापक तयार करणारा हा अभ्यासक्रम. बर्नार्ड यांना तो मुळीच रुचला नाही. पण डेव्हिड परतला तो रीतसर ज्ञान घेऊन. त्याने भट्टीला तेलाचे बर्नर बसवले, माती मळायला यंत्र आणलं, मऊ तांबूस मातीऐवजी टणक स्टोनवेअर करायचं ठरवलं. स्वखर्चाने शिकायला येणाऱ्या हौशी विद्यार्थ्यांबरोबर गावातली मुलं पगारी उमेदवार म्हणून घेतली. १९३८ साली आलेला बिल मार्शल हा त्यांतला पहिला, शाळा नुकतीच सोडलेला पोर. तो १९७७ पर्यंत तिथे राहिला, मुकादम झाला, आणि वार्धक्यात बर्नार्ड यांना मोठी भांडी चाकावर झेपेनाशी झाली तेव्हा त्यांच्या रेखाटनांवरून ती त्यानेच चढवली.

या बदलांतून ‘स्टँडर्ड वेअर’ जन्माला आलं. ठरलेल्या मापांची, ठरलेल्या आकारांची, यादी छापून टपालाने विकता येतील अशी रोजची भांडी. झाकणाचं सूपचं वाडगं, अंडं भाजायचं छोटं कानाचं पात्र, मग, जग, कॉफीची किटली, ताटं. झिलई दोन-तीन तऱ्हेची: काळसर तपकिरी तेनमोकू, फिकट हिरवट सेलाडॉन, जवाच्या पिठासारखी करडी-पांढरी. नव्या उमेदवाराला आधी छोटे मग करायला बसवत. ठरलेल्या वजनाचा गोळा, ठरलेली उंची, ठरलेलं तोंड. असे शेकडो मग झाले की मग पुढचा आकार. वेगळा वर्ग नाही, फळा नाही, परीक्षा नाही. आपल्याकडे तालमीत एकच पलटा महिनोन्‌महिने घोटून घेतात आणि आवाज आपोआप जागेवर येतो, त्या जातीचं हे शिक्षण. लीच पॉटरीतून बाहेर पडलेला कुंभार चाकावर बसला की ओळखू येई म्हणतात, त्याचं कारण या मगांच्या रांगांमध्ये आहे.

लीच यांचं ‘अ पॉटर्स बुक’ १९४० साली प्रसिद्ध झालं. माती कशी चाळावी, राखेची झिलई कशी करावी, भट्टी कशी बांधावी हे त्यात आहे आणि चांगलं भांडं कशाला म्हणावं याचा ठाम विचारही आहे. इंग्रजी वाचणाऱ्या कुंभारांच्या दोन पिढ्यांनी ते पोथीसारखं वापरलं. पुस्तक निघालं आणि काही महिन्यांत, जानेवारी १९४१ मध्ये, पॅराशूटला बांधलेला एक जर्मन सुरुंग नेमका पॉटरीच्या आवारात येऊन फुटला. छपरं, भिंती, भांडी, सगळ्यांचं नुकसान झालं. पण युद्धकाळात लोकांना साधी भांडी हवीच होती आणि ती करण्याचा परवाना संस्थेकडे होता. युद्धात शस्त्र धरायला नकार देणाऱ्या तरुणांना पर्यायी काम म्हणून इथे पाठवलं जाई. त्यांतला एक पॅट्रिक हेरॉन, पुढे ब्रिटनचा नामवंत चित्रकार, १९४४-४५ मध्ये इथे माती कालवत होता.

युद्ध संपलं आणि जगाची दारं उघडली. १९४९ साली अमेरिकेच्या मिनेसोटातून वॉरन आणि ॲलिक्स मॅकेन्झी हे जोडपं ‘अ पॉटर्स बुक’ वाचून थेट सेंट आइव्हजला आलं. लीच यांनी त्यांची भांडी पाहिली आणि नकार दिला. दोघं काही दिवस गावातच राहिली. एका रात्री भट्टी राखायची पाळी लीच यांची होती. ती दोघंही जागली, जाळ घालता घालता पहाटेपर्यंत गप्पा झाल्या आणि त्यानंतर लीच यांनी त्यांना पुढच्या वर्षी यायला सांगितलं. १९५० ते ५२ ती दोघं त्यांच्याच घरी राहिली. मिनेसोटात परतल्यावर वॉरन विद्यापीठात शिकवू लागले. घराशेजारी त्यांचं दुकान होतं आणि तिथे विक्रेता नसे; लोक भांडं घेत आणि पैसे पेटीत टाकत. सामान्य माणसाला परवडेल ही किंमत त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. २०१८ साली ते गेले तेव्हा अमेरिकेच्या मध्यभागात त्यांच्या शिष्यांची एक अख्खी फळी उभी होती.

१९५२ चा उन्हाळा हा संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कामाचा माथा. डार्टिंग्टन हॉलला कुंभार आणि विणकर यांची जागतिक परिषद भरली. यानागी आणि हामादा जपानहून आले. सात वर्षांपूर्वी जे देश एकमेकांशी लढत होते त्यांची माणसं मांडीला मांडी लावून चाक आणि माग या विषयांवर बोलत होती. तिथून लीच, यानागी आणि हामादा तिघे अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. ब्लॅक माउंटन कॉलेजपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत त्यांनी प्रात्यक्षिकं दिली. न्यू मेक्सिकोत सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्तीनेज यांना भेटले. या आदिवासी कुंभार स्त्रीने चाकाशिवाय केलेली काळी चकाकती भांडी पाहून हामादांना झालेला आनंद त्या दौऱ्याच्या आठवणींत नोंदला गेला आहे. हामादा बोलत थोडं. परक्या चाकावर बसून, परकी माती घेऊन, घाई न करता भांडी करत राहत. अमेरिकन कुंभारांवर व्याख्यानांपेक्षा याचा परिणाम अधिक झाला, असं नंतर अनेकांनी सांगितलं.

त्या प्रात्यक्षिकांना आलेली एक टेक्सासची शिल्पकार, जॅनेट डार्नेल, हामादांचं काम पाहून जपानला गेली. तिथे ती त्यांच्याकडे आणि पुढे ताम्बाच्या कुंभारांकडे शिकली. १९५६ साली बर्नार्ड लीच यांच्याशी लग्न करून ती सेंट आइव्हजला आली. त्याच सुमारास डेव्हिडने बाहेर पडून डेव्हनमध्ये स्वतःची भट्टी काढली होती. कारभार जॅनेटच्या हाती आला आणि पुढची चाळीस वर्षं राहिला. न्यूझीलंडचा लेन कॅसल, कॅनडाचा जॉन रीव्ह, ऑस्ट्रेलियाच्या ग्विन हॅन्सन पिगट अशी दूरदूरची माणसं त्या काळात येऊन गेली. कोणाला घ्यायचं, यादीत काय ठेवायचं, पगार कसे भागवायचे, हे सगळं ती पाहत असे. तिची स्वतःची भांडी, खडबडीत, ताम्बाच्या वळणाची, नवऱ्याच्या कीर्तीमागे फार काळ झाकली गेली. संस्थेच्या इतिहासात तिला व्यवस्थापक म्हणून जेवढी जागा मिळाली तेवढी कलावंत म्हणून मिळालेली नाही, ही उणीव मान्य करायला हवी.

भारतातूनही इथे शिष्य आले. निर्मला पटवर्धन या मूळच्या सिंधमधल्या हैदराबादच्या, जन्म १९२८ चा. शांतिनिकेतनात शिकल्या, लग्न होऊन अहमदनगरच्या पटवर्धन घराण्यात आल्या. रावसाहेब आणि अच्युतराव हे स्वातंत्र्यलढ्यातले बंधू त्यांचे दीर. निर्मलाबाईंनी लीच यांच्याकडे काम केलं आणि परतल्यावर भारतात मिळणाऱ्या माती-खनिजांवर झिलईचे प्रयोग केले. परदेशी पुस्तकातली पाककृती इथल्या फेल्डस्पारला, इथल्या राखेला लागू पडत नाही ही अडचण भारतातल्या प्रत्येक स्टुडिओ कुंभाराने भोगली आहे. निर्मलाबाईंचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ त्या अडचणीवरचं उत्तर होतं. त्यांचे चिरंजीव, माहितीपटकार आनंद पटवर्धन, यांच्या ‘वसुधैव कुटुंबकम्’ या २०२३ सालच्या चित्रपटात त्या आणि त्यांची माती दोन्ही भेटतात.

उलट दिशेचाही प्रवास झाला. जेफ्री व्हाइटिंग हा इंग्रज युद्धकाळात सैन्यातून भारतात आला आणि इथल्या खेड्यातल्या कुंभारांचं काम पाहत शिकला. पुढे इंग्लंडमध्ये तो लीच यांच्या वळणाची भांडी करू लागला. त्याचा शिष्य एडमंड द वाल याने १९९८ मध्ये लीच यांच्यावर एक पुस्तक लिहून कठोर प्रश्न विचारला: लीच यांनी जगाला दाखवलेला जपान खरा किती? त्यांना भेटलेले जपानी प्रामुख्याने इंग्रजी जाणणारे, सुखवस्तू, पाश्चात्त्य कलेवर पोसलेले तरुण होते. खेड्यातला कुंभार त्यांच्या वर्तुळात नव्हता. हा आक्षेप खोटा नाही. पूर्व आणि पश्चिम यांचं मीलन ही लीच यांची भाषा आज थोडी भाबडी वाटू शकते. पण ज्या संस्थेच्या वळणात घडलेल्या माणसाला मूळ पुरुषाची अशी निर्भीड तपासणी करावीशी वाटते आणि करता येते, ती संस्था पोथीनिष्ठ झालेली नाही, हेही त्यातून दिसतं.

कार्ड्यूची हकिकत याच अंगाने पाहायला हवी. १९४२ मध्ये तो घानातल्या अचिमोटा इथे गेला. त्याच्या आधी तिथे लीच पॉटरीचाच हॅरी डेव्हिस शिकवत होता. पुढे नायजेरियात अबुजा इथे कार्ड्यूने प्रशिक्षण केंद्र काढलं. तिथे लाडी क्वाली आल्या. चाकाशिवाय, स्वतः मडक्याभोवती फिरत, मातीच्या वळ्या चढवून घट घडवणाऱ्या या ग्वारी स्त्रीने आपली पद्धत सोडली नाही. कार्ड्यूच्या झिलईची आणि भट्टीची जोड मात्र घेतली. आज नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर त्या दिसतात.

१९६० च्या दशकात लीच यांना मानसन्मान मिळाले. १९६६ साली जपानचा किताब, १९६८ मध्ये शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांच्याबरोबर सेंट आइव्हजचं मानाचं नागरिकत्व. दृष्टी मात्र अधू होत गेली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी चाक सुटलं. लीच सांगत राहिले, दुसरे लिहून घेत राहिले. यानागींचे लेख ‘द अननोन क्राफ्ट्समन’ या नावाने १९७२ साली त्यांनीच इंग्रजीत आणले. १९७७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. ५ जानेवारी १९७८ रोजी, लीच यांच्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशी, माशिकोत हामादा वारले. लीच ६ मे १९७९ रोजी गेले.

स्टँडर्ड वेअर त्याच वर्षी थांबलं. जॅनेट आणि एक-दोघे कुंभार आपापली भांडी करत राहिले. ट्रेव्हर कॉर्सर त्यांतला एक. १९९७ मध्ये जॅनेट गेल्यावर जागेचं काय होणार हा प्रश्न उभा राहिला. छपरं गळत होती, मात्सुबायाशींची भट्टी भेगाळली होती. गावकरी, कुंभार आणि स्थानिक परिषद यांनी काही वर्षं चिकाटीने निधी उभारला, वास्तू विकत घेतली, आणि २००८ साली दार पुन्हा उघडलं. नुसतं संग्रहालय करायचं नाही, हा निर्णय तेव्हा झाला. जुनी कार्यशाळा, धुराने काळवंडलेली शेकोटी, पायाने चालवायची चाकं आणि भट्टी जतन केली. शेजारी नवी कार्यशाळा बांधली, तिथे जॅक डोहर्टी प्रमुख कुंभार झाले आणि रोजच्या वापराची नवी भांडी सुरू झाली. तरुण उमेदवार पुन्हा आले.

११ मार्च २०११ च्या भूकंपात माशिकोतली हामादांची चढती भट्टी कोसळली. गावातल्या इतर अनेक भट्ट्यांचीही तीच गत झाली. सेंट आइव्हजमधून माशिकोच्या कुंभारांसाठी मदत गोळा झाली. १९२२ साली जपानी माणसाने इंग्लंडची ढासळलेली भट्टी बांधून दिली होती, त्याला तेव्हा नव्वद वर्षं होत आली होती. हामादांची भट्टी दुरुस्त झाली आणि २०१५ साली माशिकोच्या कुंभारांनी आपापली भांडी तिच्यात रचून ती पुन्हा पेटवली. हामादांचे नातू तोमोओ तिथेच काम करतात.

लीच पॉटरीची शताब्दी २०२० मध्ये आली ती महासाथीच्या वर्षात. आखलेले बरेच कार्यक्रम पुढे ढकलावे लागले, दार काही काळ बंद राहिलं. मात्सुबायाशींच्या भट्टीत आता जाळ घालत नाहीत. तिची तीन दालनं पाहुण्यांना वाकून पाहता येतात. पलीकडच्या खोलीत मात्र सकाळी माती तोलली जाते, सारख्या वजनाचे गोळे फळीवर मांडले जातात, आणि नवा उमेदवार पहिला मग चाकावर घेतो.